बरणीवर 'चिकन' लिहिलंय, पण आत किती?

लेक नऊ महिन्यांची झाली तेव्हा नेहमीच्या चेकअपमध्ये रक्त तपासलं, हिमोग्लोबिन १०.१ आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारा आकडा) ८, दोन्ही कमी. डॉक्टरांनी रिपोर्ट खाली ठेवला आणि विचारलं, "काय काय खाते ती?" मी लगेच सांगितलं, दुपारी चिकन-राइसची बरणी, संध्याकाळी टर्की-ओट्सचा पाऊच, बाकी अंगावरचं दूध. माझ्या डोक्यात हिशोब असा की मांस पण जातंय पोटात, धान्य पण जातंय, मग लोह कमी पडायचं कारणच नाही. त्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "त्यात चिकन किती असतं, बघितलंय का तुम्ही?"

नव्हतं बघितलं. तीन महिने रोज त्या बरणीचं झाकण उघडत होते, 'टक्' आवाज आला की सील चांगलं होतं म्हणून समाधान वाटायचं, एक्सपायरी डेट बघायचे, मीठ-साखर आहे का बघायचे, पण चिकन किती हे कधी डोक्यातच आलं नाही, कारण पुढे मोठ्या अक्षरात चिकन लिहिलेलं आणि त्याचं चित्र. डॉक्टरांनी लोहाचे थेंब सुरू केले ते वेगळं, ते औषध आहे आणि ते त्यांच्या सल्ल्यानेच घ्यायचं. पण त्या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही. नंतरचे काही आठवडे जे जे वाचलं, मोजलं, करून बघितलं ते सगळं इथे लिहून ठेवतेय, कारण माझ्यासारख्या मनापासून भरवणाऱ्या आणि तरीही हे माहीत नसलेल्या आया खूप असतील अशी माझी खात्री आहे.

आधी हे समजून घ्या की सहा महिन्यांनंतर लोहाची एवढी घाई का असते. बाळ जन्माला येताना लोहाचा साठा घेऊनच येतं, तो साधारण चार ते सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह फारच थोडं, लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी, ते बाळाच्या अंगी लागतं छान पण मुळात आहेच इतकं कमी की वाढत्या शरीराला ते पुरत नाही. आणि सात ते बारा महिन्यांच्या बाळासाठी अमेरिकेतल्या पोषण तज्ज्ञांनी ठरवलेला आकडा आहे दिवसाला ११ मिलिग्रॅम. मोठ्या पुरुषाला ८ लागतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा छापण्यात चूक झाली असेल असंच वाटलं, परत दोनदा तपासलं, पण आकडा बरोबर आहे. त्या ११ मध्ये असं धरलंय की खाल्लेल्या लोहातलं जेमतेम १० टक्के रक्तात जातं, म्हणजे खरी गरज आतमध्ये पोचलेल्या पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास, पण ते पोचवायला ताटात ११ ठेवावं लागतं. (फॉर्म्युला पिणाऱ्या बाळांचं गणित वेगळं, फॉर्म्युल्यात लोह घातलेलं असतं त्यामुळे बराचसा भाग तिथूनच मिळतो. माझी लेक पूर्ण अंगावर पिणारी.)

आणि जागा किती आहे पोटात? किलोमागे साधारण ३० मिलिलिटर धरतात, म्हणजे आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी एक मोठी वाटीभर. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा ते आठ महिन्यांत वरच्या खाण्यातून रोज सुमारे २०० कॅलरी हव्यात आणि नऊ ते अकरा महिन्यांत ३००. बस, तेवढ्याच घासांत जवळजवळ सगळं लोह, बरंचसं झिंक, प्रथिनं आणि फॅट बसवायचंय. त्यामुळे पाण्याने आणि स्टार्चने भरलेला एकेक चमचा म्हणजे गेलेली जागा. माझं सगळं दुखणं इथेच आहे.

त्या रात्री ती झोपल्यावर मी एक नवी बरणी उघडली. बारीक तुकडे असलेली, आठ महिन्यांच्या पुढची, १२० ग्रॅमची. बारीक गाळणीत ओतली आणि नळ अगदी हळू सोडला. आधी पांढरट चिकट पाणी गेलं, ते स्टार्च आणि भाताचा लगदा. मग गाजराचे नारिंगी चौकोनी तुकडे दिसायला लागले, फुगून फुटलेली भाताची शितं, मटारची सालं, आणि मधे मधे फिकट करडे दोऱ्यांसारखे चिकनचे धागे. मी चिमट्याने एकेक वेचून वाटीत टाकले, वीस मिनिटं लागली. वजनकाट्यावर ठेवले तर ९ ग्रॅम. थोडं मांस अगदी बारीक होऊन पाण्याबरोबर गेलं असणार हे मान्य, तरी ९ ग्रॅम. नवरा शेजारी उभा राहून बघत होता, म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "थांब रे", काटा शून्यावर आणून परत ठेवलं. तेवढंच.

मग बरणी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचली तर तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं, चिकन १० टक्के. कोणी काही लपवलेलं नव्हतं आणि हे नियमात बसणारं आहे. युरोपियन युनियनचा २००६ चा नियम आहे बेबी फूडसाठी, तो वाचला की नावं कशी ठरतात ते कळतं. नावात फक्त मांसच असेल, म्हणजे नुसतं 'चिकन', तर निदान ४० टक्के मांस पाहिजे. मांसाचं नाव पहिलं आणि पुढे अजून काही, म्हणजे 'चिकन आणि भात', तर निदान १० टक्के पुरतं. आणि मांसाचं नाव नंतर आलं, 'भाज्या, भात आणि चिकन' असं, तर ८ टक्क्यांवर भागतं. म्हणजे नावात एक 'आणि' आला की ४० वरून १० वर. वेगवेगळ्या देशांत आकडे वेगळे असतात पण पद्धत साधारण हीच, नावातला शब्दांचा क्रम मांसाचं प्रमाण सांगतो. नाव असं वाचायची सवय मला नव्हती, आता लागलीय.

टक्केवारी सगळीकडे छापलेली नसते. तेव्हा मी सरळ प्रथिनांचा आकडा बघते, १०० ग्रॅममागे किती. नुसत्या मांसाच्या प्युरीत ११ ते १३ ग्रॅम प्रथिनं असतात, त्या मांस-धान्य-भाजीच्या मिश्र बरणीत २ ते ३ ग्रॅम. या २-३ मध्ये भाताचं, ओट्सचं, मटारचं प्रोटीन पण आलं, म्हणजे मांसाच्या वाट्याचं अजून कमी. हा एक आकडा बघितला की पुढच्या चित्राकडे बघायची गरजच उरत नाही. प्रथिनं तशी बाळाला फार लागत नाहीत हे पण सांगते, दिवसाला ११ ग्रॅमच्या आसपास, आणि दुधातूनही येतात, त्यामुळे प्रथिनं कमी पडतील म्हणून हा आकडा बघायचा नाहीये. प्रथिनांवरून मांस किती आहे ते कळतं आणि मांसाबरोबर लोह, झिंक, बी१२ येतं, म्हणून बघायचा.

आता लोहाचं गणित मांडते, मी वहीत मांडलं होतं तसंच. शिजलेल्या चिकनमध्ये १०० ग्रॅममागे लोह साधारण १ मिलिग्रॅम. बरणीतलं चिकन १० ग्रॅम धरलं तर चिकनमधून आलं ०.१ मिलिग्रॅम. हवं ११. बीफ असतं तर १०० ग्रॅमला अडीच-तीन, म्हणजे १० ग्रॅमला पाव मिलिग्रॅम. बरं मग धान्य? धान्याच्या बेबी फूडमध्ये लोह भरपूर असतं असं आपण ऐकलेलं असतं, ते खरं पण आहे, फक्त ते कोरड्या सीरियलबद्दल. डब्यातलं जे कोरडं पीठ असतं त्यात लोह वरून मिसळलेलं असतं, चांगलं फोर्टिफाय केलेलं असेल तर १५ ग्रॅममध्ये, म्हणजे चार टेबलस्पूनमध्ये, ६-७ मिलिग्रॅम मिळतं. बरणीतला भात, नूडल्स, बार्ली हे साधं शिजवलेलं धान्य. त्यात वरून लोह घातलेलं असेलच असं नाही, माझ्याकडच्या पाच बरण्यांपैकी एकीतही नव्हतं. म्हणून मिश्र बरणीत एकूण लोह बहुतेक वेळा १०० ग्रॅमला एक मिलिग्रॅमच्या आतच निघतं.

हे कळलं तेव्हा मी वही बंद करून नुसती बसून राहिले. 'चिकन आणि धान्य' या दोन शब्दांवर मी निर्धास्त होते आणि त्या बरणीत चिकन लोह देण्याइतकं नव्हतं आणि धान्य लोह घातलेलं नव्हतं. दोन्हीकडून पोरगी उपाशी, आणि पोट मात्र भरलेलं, त्यामुळे रडायची पण नाही. लोह कमी असलेलं बाळ बाहेरून कळत नाही हो, हसतं खेळतं असतं. आणि याच वयात मेंदू प्रचंड वेगाने वाढत असतो आणि त्या वाढीला लोह लागतं, म्हणून मला याचं इतकं लागलं.

सीरियलचा विषय निघालाय तर तो चुंबकाचा प्रयोग सांगते. नवऱ्याकडे जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेला छोटासा पण जबरदस्त चुंबक होता. आम्ही दोन टेबलस्पून ओट्स सीरियल कोमट पाण्यात पातळ कालवलं, झिपच्या पिशवीत भरलं, सपाट केलं आणि चुंबक बाहेरून लावून पिशवी दहा मिनिटं हळूहळू डुलवत राहिलो. चुंबक कडेला सरकवत आणला तर त्याच्याबरोबर पिशवीच्या आत काळपट करडी, केसांसारखी बारीक रेघ सरकत आली. लोखंडच ते, अक्षरशः. मी आधी घाबरलेच, म्हटलं हे आपण पोरीला भरवतो? पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही, ते अतिशय बारीक दळलेलं शुद्ध लोह असतं, लेबलवर 'इलेक्ट्रोलाइटिक आयर्न' किंवा 'रिड्यूस्ड आयर्न' लिहितात, पोटातल्या अॅसिडमध्ये ते विरघळतं आणि मग शोषलं जातं. फक्त सगळं विरघळत नाही, म्हणून अंगी लागायला ते जरा कमकुवत. दुसऱ्या डब्यावर 'फेरस फ्युमरेट' लिहिलेलं होतं, त्यात चुंबकाला काहीच चिकटलं नाही, कारण ते लोहाचं संयुग आहे, आणि ते जास्त चांगलं शोषलं जातं. त्यामुळे आता मी डबा घेताना लोह किती याबरोबर लोह कुठल्या रूपात आहे तेही बघते, फेरस फ्युमरेटचा मिळाला तर तोच घेते.

धान्यातलं लोह अंगी लागायला अजून एक अडचण असते, फायटेट. धान्याच्या कोंड्यात आणि बीजात हा पदार्थ असतो, तो लोहाला आणि झिंकला धरून ठेवतो आणि मग ते शोषलं न जाता बाहेर जातं. धान्याला मोड आणून दळलं तर फायटेट थोडं कमी होतं, शिवाय त्यातल्या एन्झाइममुळे लापशी पातळ होते आणि कमी पाण्यात जास्त पीठ जातं, हा मोठा फायदा. व्हिटॅमिन सी असलेलं काहीही बरोबर दिलं, एखादं फळ किंवा टोमॅटो, तरी धान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. आणि तिसरी गोष्ट म्हणजे मांस.

इथे मला मांसाची खरी किंमत कळली. मांसातलं जे हीम प्रकारचं लोह असतं त्यातलं १५ ते ३५ टक्के शोषलं जातं, धान्य-भाज्यांमधल्या लोहाचं २ ते २० टक्के, ते पण बरोबर काय खाल्लं यावर. आणि मांस त्याच घासातल्या धान्याच्या लोहालाही आत जायला मदत करतं. म्हणजे मांस आणि धान्य एकत्र देण्याची कल्पना अगदी बरोबर आहे, फक्त मांस दिसण्याइतकं पाहिजे आणि धान्य लोह घातलेलं पाहिजे. तशी ही जोडी जुनी आहे, १९२१ च्या सुमारास अमेरिकेत रॉचेस्टरला हॅरॉल्ड क्लॅप नावाच्या गृहस्थांनी बाळांसाठी जे तयार सूप विकायला काढलं त्यात बीफचा रस, भाज्या आणि धान्य होतं. आणि १९३१ मध्ये टोरांटोच्या मुलांच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी पॅब्लम नावाचं सीरियल बनवलं, गहू, ओट्स, मका, यीस्ट असं सगळं घालून आणि लोह घालून. तेव्हापासून हे दोन रस्ते आहेत.

नुसतं मांस भरवून ११ चा आकडा गाठता येत नाही हे पण प्रामाणिकपणे लिहिते, कारण मी आधी उत्साहात बरण्या बंद, आता फक्त मांस असं ठरवलं होतं. ३० ग्रॅम शिजलेलं बीफ म्हणजे लोह पाऊण ते एक मिलिग्रॅम, शोषण चांगलं धरलं तरी आत जातं पाव मिलिग्रॅमच्या आसपास. गरज पाऊणची. बाकीचं कुठून तरी यायलाच हवं. म्हणून सीरियल लागतंच.

मांस जिथे खरंच पुढे आहे ते झिंकमध्ये. झिंकबद्दल कोणी बोलत नाही, रक्ततपासणीतही सहसा बघत नाहीत, पण सात ते बारा महिन्यांत दिवसाला ३ मिलिग्रॅम लागतं आणि आईच्या दुधातलं झिंक सहा महिन्यांपर्यंत बरंच उतरलेलं असतं. ३० ग्रॅम बीफमध्ये दीड मिलिग्रॅमच्या वर झिंक येतं, निम्मी गरज एका छोट्या वाटीत. चिकन घ्यायचं तर मांडीचं, ते रंगाने गडद असतं आणि त्यात छातीच्या मांसापेक्षा झिंक दुप्पट तरी असतं, लोह पण थोडं जास्त. कोलोरॅडोतल्या नॅन्सी क्रेब्स यांच्या गटाने अंगावर पिणाऱ्या ८८ बाळांवर अभ्यास केला होता, २००६ मध्ये छापून आला. काही बाळांना पहिलं वरचं अन्न म्हणून बीफची प्युरी दिली, काहींना लोह घातलेलं सीरियल. मांसवाल्या बाळांच्या पोटात झिंक आणि प्रथिनं जास्त गेली, आणि सात ते बारा महिन्यांत त्यांच्या डोक्याचा घेरही जास्त वेगाने वाढला. रक्तातल्या लोहात मात्र दोन गटांत फरक निघाला नाही आणि दोन्हीकडे बऱ्याच बाळांचं फेरिटिन कमीच होतं. हे वाचून मला उलट धीर आला, म्हणजे हे फक्त माझ्याच घरात झालेलं नाही आणि एकट्या मांसावर किंवा एकट्या सीरियलवर विसंबून भागत नाही.

बी१२ तर प्राण्यांपासून आलेल्या अन्नातच असतं, बाळाला रोज अर्धा मायक्रोग्रॅम पुरतो आणि मांस-अंडी खाणाऱ्या आईच्या दुधातून तो बराचसा येतोच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांसाठी जे मार्गदर्शन काढलं त्यात मांस, मासे किंवा अंडी रोज द्या असंच सांगितलंय.

कॅलरींचंही बघा. मिश्र बरण्यांमध्ये ८५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, १०० ग्रॅमला ५५-६५ कॅलरी. आईच्या दुधातच १०० मिलिलिटरला ६५-७० असतात! म्हणजे बरणी दुधाची जागा घेते आणि दुधापेक्षा कमी देते. वरच्या अन्नात ग्रॅममागे निदान ०.८ कॅलरी असावी असं मानतात. फॅट पण कमी असतं या बरण्यांत, आणि बाळाला ते भरपूर हवं असतं, आईच्या दुधातली जवळजवळ निम्मी ऊर्जा फॅटमधूनच येते. 'लो फॅट' हे बाळाच्या बाबतीत चांगलं नाही, हे मी माझ्या डाएटच्या सवयीमुळे पार विसरले होते, चिकनची छाती घ्यायची, तेल टाळायचं, असं चाललं होतं.

आता या बरण्यांची चांगली बाजू पण सांगते, नाहीतर अन्याय होईल. मीठ त्यात खरंच कमी असतं, सोडियम साधारण मांस-भाजीत असतं तेवढंच, आणि या वयात दिवसाला ३७० मिलिग्रॅमच्या आसपासच पुरतं, त्यामुळे घरच्या मोठ्यांच्या जेवणातलं काढून देण्यापेक्षा त्या बऱ्या. एकेकाळी अमेरिकेत बेबी फूडमध्ये मोनोसोडियम ग्लुटामेट (आपण ज्याला अजिनोमोटो म्हणतो ते) घालायचे, ते १९६९ मध्ये बंद झालं आणि मीठ १९७० च्या दशकात गेलं. ते मुळात आयांना चव आवडावी म्हणून घालत होते, बाळाला त्याची गरज नव्हतीच. आणि बरणी ज्या तापमानाला निर्जंतुक करतात, १२० डिग्रीच्या आसपास, त्यात व्हिटॅमिन सी आणि बी१ कमी होतं पण लोह आणि झिंक कुठे जात नाही, ते खनिज आहे, उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणजे 'डब्यातलं म्हणून निकस' असंही नाही. प्रवासात मी अजूनही बरणी नेते. फक्त आता नुसत्या मांसाची छोटी बरणी नेते, बरोबर कोरड्या सीरियलची डबी, आणि तिथे कालवते.

घरी मी काय करते ते सविस्तर लिहिते. मांडीचं चिकन किंवा बीफ किंवा लँब, मऊ होईपर्यंत झाकून शिजवते, आणि त्याच्याच थोड्या पाण्यात मिक्सरला फिरवते. इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. पाणी गाळून नुसता रस भरवू नका. वास येतो, रंग येतो, आपल्याला वाटतं सगळा कस उतरला, पण लोह, झिंक, प्रथिनं बहुतेक सगळी चोथ्यातच राहतात, त्या रसात फारच थोडी उतरतात. भरवायचं ते मांस. मग बर्फाच्या ट्रेमध्ये भरून फ्रीझरला, माझ्या ट्रेचा एक खण बरोबर १५ ग्रॅमचा आहे, दोन खण म्हणजे एक वेळ.

वाटीत ते ३० ग्रॅम मांस, १५ ग्रॅम कोरडं लोह घातलेलं ओट्सचं सीरियल, अर्धा चमचा तेल, आणि कालवायला आईचं दूध किंवा कोमट पाणी. शेवटी दोन चमचे फळाचा गर. हिशोब केला तर शंभर-एक ग्रॅमची वाटी, शंभरच्या वर कॅलरी, ५ ग्रॅम प्रथिनं, लोह साडेसहा-सातपर्यंत, आणि ते लोह शोषायला मांस आणि फळ बरोबर. बरणीच्या शेजारी हा हिशोब लिहिला तेव्हा नवरा म्हणाला, "अगं, तेवढ्याच वाटीत?" हो, तेवढ्याच वाटीत. आईचं दूध घालून कालवलं तर लगेच भरवा, दुधातल्या एन्झाइममुळे दहा-पंधरा मिनिटांत स्टार्च फुटून पाणीदार होतं. तसंच उष्टा चमचा बरणीत घालून उरलेलं ठेवू नका, लाळेनेही तेच होतं आणि जंतू वाढतात ते वेगळं. वाटीत काढून घ्यायचं, मांसाची उघडलेली बरणी फ्रीजमध्ये एक दिवस, मग टाकून द्यायची, जीव कळवळला तरी.

लिव्हरबद्दल विचारतात खूपजणी. चिकन लिव्हरमध्ये लोह १०० ग्रॅमला ९ ते १२ मिलिग्रॅमच्या घरात, एकदम मस्त, पण व्हिटॅमिन ए पण प्रचंड, १०० ग्रॅमला ४००० मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि बाळासाठी रोजची वरची मर्यादा आहे ६००. म्हणजे १५ ग्रॅमलाच मर्यादा गाठली. मी आठवड्यातून एकदा एक छोटा चमचा मांसात मिसळते, त्यापेक्षा जास्त नाही.

धान्यात एकच एक तांदूळ ठेवू नका, हे मी फार कळकळीने सांगते. तांदळाचं रोप पाण्यातून आणि मातीतून आर्सेनिक बाकी धान्यांपेक्षा जास्त ओढून घेतं. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, २०२० मध्ये बाळांच्या राइस सीरियलसाठी अजैविक (जास्त घातक प्रकारच्या) आर्सेनिकची पातळी १०० पीपीबी, म्हणजे अब्जात १०० भाग, ठरवली, युरोपातही बाळांच्या तांदळाला तेवढीच मर्यादा आहे. याचा अर्थ तांदूळ विष आहे असा नाही, पण रोज दोन्ही वेळा तोच नको, ओट्स, बार्ली, गहू, मका फिरवत राहा. माझ्या लेकीची दुपारची बरणी तीन महिने तांदळाचीच होती.

तीन महिन्यांनी परत रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११.६, फेरिटिन २६. थेंबांचा वाटा त्यात मोठा आहे, डॉक्टरांनीही तसंच सांगितलं, आणि अजून दोन महिने ते चालू ठेवायचेत. आता ती वर्षाची झालीय, गरज दिवसाला ७ वर आलीय. नवव्या-दहाव्या महिन्यापासून प्युरी हळूहळू सोडून थोडं जाडंभरडं द्यायला सुरुवात केली, कारण गुठळ्या चावायची सवय याच वयात लागते, उशीर झाला तर नंतर खाण्याच्या तक्रारी वाढतात. पाऊचचं तोंड चोखून खाताना तर जिभेला काही कामच नसतं. मांस आता मिक्सरला फिरवत नाही, मऊ शिजवून हाताने धागे धागे सुटे करते, आडवे कापून, म्हणजे लांब धागा घशात अडकायला नको.

काल तिने सीरियल तसंच ठेवलं आणि मांसाचे धागे तेवढे दोन बोटांच्या चिमटीत धरून एकेक खाल्ले, वाटी बघितली तर ओट्स जसेच्या तसे. आज बारीक मांसातच सीरियलचं पीठ मळून, थोडं तेल लावून, चपट्या छोट्या वड्या वाफवून बघणार आहे, चार वड्यांत १५ ग्रॅम पीठ बसतं का ते काट्यावर बघायचंय.